थोरलीची बाजू

सासूबाईंना शेवटची काही वर्षं कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन घेतलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्या काढून उशीखाली ठेवायच्या. टीव्हीचा आवाज वाढवलेलाही त्यांना चालायचा नाही. शेजारच्यांना वाटेल, घरात भांडणं चाललीत. त्यामुळं संध्याकाळची मालिका लागली की मी पलंगाच्या कडेला बसायचे आणि पडद्यावर जे चाललंय ते त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचे.

"थोरली स्वयंपाकघरात गेली. आता रडतेय."

"कामून रडती?"

"धाकटी बोलली तिला."

"मंग हिला तोंड नाय का?"

शेजारच्यांना शेवटी ऐकू जायचं ते माझंच ओरडणं.

ती मालिका त्या वर्षी घराघरांत बघितली जायची. मोठं घर, त्यात दोन जावा, सासरे अंथरुणाला खिळलेले. थोरलीनं त्यांच्यासाठी बँकेतली नोकरी सोडलेली. धाकटी म्हणायची, मी नोकरी सोडणार नाही, बाई ठेवा. एवढ्याच गोष्टीवर महिनोन्‌महिने गेले. तरी लोकांचं पोट भरेना म्हणून चॅनलनं रविवारी सकाळी त्या मालिकेवर गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या स्टुडिओत एक निवेदिका, शेजारी मालिकेतलं कुणीतरी एक, आणि आपापल्या घरून व्हिडिओ कॉलवर दोन प्रेक्षक. आठवडाभरात मालिकेत जे झालं त्यावर चौघांनी बोलायचं.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली होती. मी सासूबाईंच्या कानाशी ओरडतेय, मध्ये मध्ये माझी मतंही घुसडतेय, याचा तिनं गुपचूप व्हिडिओ काढला आणि त्या कार्यक्रमाला पाठवून दिला. आठवडाभरात तिथल्या एका मुलीचा फोन. आवाजावरून माझ्या मुलीच्याच वयाची वाटली.

"काकू, तुम्ही कमाल आहात. तुम्ही थोरलीची बाजू मांडायची. तुमच्या घरीपण आजी आहेत ना, लोकांना ते भिडेल."

"आणि मला धाकटीचं पटत असलं तर?"

ती हसली. "धाकटीच्या बाजूनं एक मॅडम आहेत आमच्याकडं. तुमच्याच शहरातल्या निघाल्या, गंमत बघा."

तिचंही खरं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मी थोरलीच दिसणार. सासूबाई न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि मी बालवाडीतली नोकरी सोडली. सोड असं कुणी म्हणालं नव्हतं. यांची शेंद्र्याला कंपनीत शिफ्ट, मुलगी शिकायला बाहेर. तेव्हा सोडणार कोण, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग शनिवारी दुपारी असायचं. पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या लावलेल्या. आमच्या हर्सूलला नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं आणि वेळेचा काही भरवसा नाही. पहिल्याच शनिवारी निवेदिका माझं स्वागत करत होती आणि खालच्या हौदात पाणी पडायला लागलं. मी कॅमेऱ्यासमोर नवी साडी नेसून त्यागावर बोलत होते आणि मोटार कोण लावणार या काळजीनं माझा जीव खाली-वर होत होता. हे रात्रपाळी करून झोपलेले. शेवटी बोलता बोलता मी पायानं पलंगाला धक्के देऊन त्यांना उठवलं.

समोरच्या चौकोनात ती दुसरी बाई होती. रोशनगेटकडची, उर्दू शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. साखळीचा चष्मा, डोक्यावरून ओढणी, आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ.

"एका माणसाच्या आजारपणात दुसऱ्यानं का म्हणून जिवंतपणी मरायचं?" तिनं विचारलं.

"आपलं माणूस आहे ते," मी म्हणाले. "आपल्या माणसाचं ओझं होत नसतं."

निवेदिकेनं टाळी वाजवली. शेजारी बसलेल्या थोरलीच्या नटीनं डोळे पुसले.

संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते, तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाई, मी तुमची दुश्मन बोलतेय. नंबर त्या पोरीकडून घेतला. एक विचारू? रागावू नका. तुम्ही ते बोललात ना, ओझं होत नसतं म्हणून, ते दिल से होतं का?"

हातात सासूबाईंचे धुतलेले कपडे होते. अनोळखी बाई, तिला खरं सांगायचं मला काही कारण नव्हतं.

"नाही हो," मी म्हणाले. "मी लई थकलेय."

ती म्हणाली, "माझी अम्मी लई वर्षं बिछान्यावर होती. मी शादीपण नाही केली. ती गेली तेव्हा सगळे बोलले, चला, सुटलीस. मला नाही वाटलं सुटल्यासारखं. आजपण वाटतं, अजून असती तर केलं असतं. मी तर थोरलीच्याच बाजूची आहे, बाई. त्यांनी मला धाकटी दिली. शाळेत होती, चष्मा लावते, एकटी राहते, तर त्यांना वाटलं ही तसंच बोलणार."

आम्ही दोघी हसलो. मी गच्चीच्या कठड्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खाली सासूबाई हाका मारत होत्या, त्या ऐकू येत असूनही मी लगेच खाली गेले नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी आमचा फोन ठरलेला. तिला मी थोरल्या बहिणीसारखं आपा म्हणायला लागले, ती मला बाईच म्हणायची. तिच्या मनातलं मी कार्यक्रमात बोलायचे आणि माझ्या मनातलं ती. "बाई, असं बोला," ती सांगायची, "की आजारी माणूस रात्री हात धरतं ना, तेव्हा त्या हातात एक भरवसा असतो, तो पैसे देऊन ठेवलेल्या बाईच्या हातात येत नाही. हे बोला. मी रडीन वाटल्यास." आणि मी तिला सांगायचे, "आपा, तुम्ही विचारा की थोरलीला शेवटचं कुणी विचारलं, तू जेवलीस का? घरात सगळे येतात, आजाऱ्याची चौकशी करतात, फळं ठेवतात आणि जातात. तिला कुणी बस म्हणत नाही." शनिवारी कॅमेऱ्यासमोर ती हे इतक्या पोटतिडकीनं विचारायची, की उत्तर देताना माझी जीभ अडखळायची. लोकांना वाटायचं, काकू हरल्या आज.

एकदा ती घरी आली. सासूबाईंनी विचारलं, "ही कोण?"

"टीव्हीत माझ्याशी भांडतात ना, त्या."

"मंग घरात कशाला घेतली?"

आपा पलंगावर बसली, त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "भांडायलाच आले, अम्मा. तुमची सून लई बोलती." सासूबाई खूश झाल्या. लहानपणीच्या गल्लीतली त्यांची जुनी दखनी उर्दू कुठून कुठून वर आली. त्या दिवशी आपाच्या हातानं त्या पोटभर जेवल्या. मी तेवढ्या वेळात आतल्या खोलीत जाऊन नुसती आडवी झाले.

इंटरनेटवर कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली लोक जे लिहायचे ते मुलगी मला फोनवर वाचून दाखवायची. माझ्यासाठी हात जोडलेले, नमस्कार, 'अशी सून सगळ्यांना मिळो.' मग एका आठवड्यात ती वाचता वाचता थांबली. मी तिच्याकडून वदवून घेतलंच. आपाबद्दल होतं. धाकटीबद्दल त्यात काही नव्हतं. यांना आपल्या घरातलं काय कळतं, यांना कशाला बोलावता, आणि त्याहून वाईट. मी कार्यक्रमाच्या मुलीला फोन केला.

"काढून टाका ना ते."

"काकू, कमेंट येतायत म्हणजे लोक बघतायत," ती म्हणाली. वाईट नव्हती ती मुलगी. तीही थकलेलीच वाटायची, कायम चालत चालत बोलल्यासारखी.

आपाला विचारलं तर ती म्हणाली, "पोरांनी शाळेच्या भिंतीवर माझ्याबद्दल लिहिलेलं याच्यापेक्षा वाईट होतं. आणि त्यात शुद्धलेखनपण चुकलेलं." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता, आणि त्या शुक्रवारी आम्ही काहीच ठरवलं नाही.

थंडीत सासूबाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. एका सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा त्या गेल्या. मला ते लगेच कळलंच नाही. मी गळ्यापर्यंत पुसलं, रुमाल पिळला, आणि मग पाहिलं.

मालिकेतही त्याच आठवड्यात सासऱ्यांचा शेवट चालला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईहून त्या मुलीचा फोन आला. घर माणसांनी भरलेलं. मी मागच्या दारात जाऊन बोलले.

"काकू, ऐकून खूप वाईट वाटलं. तुम्ही सावरा आधी." मग थोडं थांबून, "शनिवारी जमेल का? अगदी पाच मिनिटं. सासऱ्यांचा भाग आहे, तुमच्याशिवाय तो..."

"नाही गं."

"हरकत नाही. आजींबरोबरचा एखादा फोटो?"

मी फोन पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीच्या हातात दिला. ती काय बोलली मला माहीत नाही, पण ती अंगणात गेली आणि आवाज चढवून बोलली.

फोटो आम्ही दिला नाही. त्यांनी माझ्याच जुन्या भागातला तुकडा लावला, मागं बासरीचं संगीत. आपा त्या रेकॉर्डिंगला एकटी होती. तिनं मला नंतर सांगितलं, की मी कशी आहे असं निवेदिकेनं विचारल्यावर ती बरंच बोलली होती. थोरली थकते, तिला कधी झोपलेली तुम्ही दाखवली आहे का, ती चांगली आहे म्हणून तिला थकायची मुभा नाही का, असं सगळं. रविवारी त्यातलं एक अक्षर लागलं नाही. आपा चष्मा काढून डोळे पुसतेय, एवढंच दिसलं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मुलगी पुण्याला परतली. त्यानंतरच्या एका शनिवारी मी पुन्हा बसले. का बसले ते सांगता येत नाही. घर रिकामं होतं आणि त्या वेळेला नवी साडी नेसायची सवय झाली होती. निवेदिकेनं आवाज एकदम मऊ केला.

"काकू, आजींची इतकी सेवा केलीत. आज मनात एक समाधान असेल ना?"

"आहे," मी म्हणाले. "आणि झोप येते. दिवसभर झोपते मी. उठले की वाटतं, कुणीतरी हाक मारली, आणि मग कळतं की नाही, आणि परत झोपते. धाकटीचं बरोबर होतं, ताई. बाई ठेवायला पाहिजे होती. मी त्यांच्यावर चिडायचे. बाई ठेवली असती तर कमी चिडले असते."

स्टुडिओत बसलेली थोरलीची नटी कॅमेऱ्याबाहेर कुणाकडं तरी बघायला लागली. निवेदिकेनं हातातले कागद चाळले.

"म्हणजे... काकूंनी आज बाजू बदलली?"

तेवढ्यात आपा मोठ्यानं हसली. "मग मी पण बदलते! थोरलीचं बरोबर होतं. माझी अम्मी असती तर आज पण मी हेच केलं असतं. लिहा."

आमच्या ओळखीतलं ते पहिलं खरं भांडण. आम्ही एकमेकींना बोलू देईना. मी म्हणाले, तुम्ही एकट्या होतात, तुमच्यामागं नवरा नव्हता, शिफ्ट नव्हती. ती म्हणाली, एकटी होते म्हणून जास्त कठीण होतं, रात्री उठायला दुसरं कोण होतं? निवेदिकेनं जाहिरात घेतली. रविवारी त्यातलं अर्धं मिनिट लागलं, आणि पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभरानं मी सहज टीव्ही लावला तर दोन नव्या बाया बसलेल्या. एक नाशिकची, एक सांगलीची. बरं बोलत होत्या.

आम्हाला कार्यक्रमातून काढलं हे तिकडं कन्नड गावात कळलेलं नव्हतं. तिथल्या एका बचत गटाच्या बाईचा फोन आला. महिलांचा मेळावा आहे, तुम्ही दोघी या, ते टीव्हीतलं भांडण इथं करा, आमच्या बायका लई वाट बघतायत. मी नाहीच म्हणणार होते. आपा म्हणाली, "चला ना बाई. घरात बसून तुम्ही पिवळ्या पडल्यात."

एसटीत अर्ध्या तिकिटात बसलो. खुलताबादच्या पुढं गाडीत पेरूवाली चढली, आपानं पेरू घेतले आणि सगळा रस्ता मीठ नाही म्हणून कुरकुर केली. कन्नडला शाळेच्या हॉलमध्ये मंचावर दोन खुर्च्या मांडलेल्या. मागं फलक: थोरली की धाकटी? बायकांनी आधीच दोन भाग करून बसायला सुरुवात केली होती. थोरलीकडं गर्दी जास्त होती.

मला माईक दिला. मी उभी राहिले. 'आपलं माणूस आहे ते' एवढंच म्हणायचं होतं, पाठ होतं, पण तोंडातून निघेना. मग मी सरळ सांगून टाकलं. की सासूबाई गेल्या, की मी टीव्हीत जे बोलायचे ते या आपाचं होतं आणि आपा बोलायची ते माझं.

मग पुढच्या रांगेतली एक तरणी सून म्हणाली, "म्हणजे काकू, तुम्ही टीव्हीत खोटं बोलत होता व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

काही हसल्या. आयोजक बाई माझ्याकडं अशी बघायला लागली की हिला बोलावून पस्तावलो. मागच्या बाजूला दोघी उठून निघाल्या. तेवढ्यात मध्येच एक बाई उभी राहिली. माझ्याहून लहान असेल, पण वाळलेली. पदर डोक्यावर घट्ट.

"बाई," ती म्हणाली, "माझा सासरा लई वर्सं पडून हाय. मी पोरीला त्याच्यापाशी बसवून आले. मला लवकर जायचंय. तुमचं खरं-खोटं तुमच्यापाशी. मला भांडण बघायचं होतं. आमच्या घरात आता भांडायला पण कुणी बोलत नाय."

ती खाली बसली. मला तर खुर्चीत बसावं एवढंच सुचत होतं.

आपा उठली. चष्मा नाकावर नीट बसवला, माझ्या हातातला माईक ओढून घेतला आणि माझ्यावर वळली.

"काय बोललात तुम्ही? सेवा? तुमच्या सासूबाईंना विचारायला पाहिजे होतं, की सून कान फुटेपर्यंत ओरडते ती सेवा का?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी कंबरेला पदर खोचला.

"आणि तुम्ही? दोन घास भरवले एक दिवस, तर गावभर सांगत फिरता!"

"दोन घास? पूर्ण भाकर खाल्ली त्यांनी! तुमच्या हातची कधी खाल्ली होती पूर्ण?"

बायका ओरडायला लागल्या. थोरलीकडच्या मला सांगत होत्या काय बोलायचं, धाकटीकडच्या आपाला. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. आम्ही त्या मालिकेतलं सगळं काढलं, मग नसलेलंही काढलं. डाळीतलं मीठ, जावेची साडी, आहेरातली पातेली. मध्ये एकदा मी खरंच चिडले होते, आणि आपाही. ती वाळलेली बाई तोंडाला पदर लावून हसत होती, इतकी की शेजारणीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. आम्ही ऐन रंगात असताना ती उठली, दारातून एकदा वळून बघितलं आणि गेली. तिची वेळ झाली होती.

चहाच्या वेळी आयोजक बाईनं आम्हाला नारळ आणि ब्लाऊजपीस दिलं. "सुरुवातीला काय झालं होतं तुम्हाला?" तिनं मला विचारलं. मी म्हणाले, प्रवासानं डोकं दुखत होतं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली ती मागच्या टायरवर. घसा बसला होता दोघींचा. बसस्थानकावर उतरलो तेव्हा नुकतं अंधारून आलं होतं आणि माझे पाय चपलेत मावत नव्हते. हर्सूलची रिक्षा बघायला लागले तर आपानं दंड धरला.

"माझं घर जवळ आहे. चला, पाय शेकू."

मी यांना फोन केला. "आपाकडं राहतेय आज."

"राहतेय?" हे म्हणाले. लग्नानंतर माहेर सोडून मी कुठंच एकटी राहिले नव्हते. मग म्हणाले, "बरं. मी भात लावतो."

आपाच्या दोन खोल्या, समोर शिकवणीच्या मुलांची सतरंजी अजून पसरलेली. तिनं गरम पाणी आणलं, मी पाय सोडून बसले, आणि तिथंच सतरंजीवर आडवी झाले. तिनं अंगावर काहीतरी टाकलं एवढं आठवतं. हाक कुणीच मारली नाही. जाग आली तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं आणि आपा दारात पिशव्या ठेवून भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालत होती.